जेलीफिशचं बरंचसं आयुष्य तळाशी जातं

प्रश्न असा आला आहे: जेलीफिशच्या जीवनचक्राच्या आकृतीत अंडं, डिंभ (अंड्यातून निघालेलं पिल्लू), पॉलिप आणि मेड्युसा या अवस्था एका वर्तुळात बाणांनी जोडून दाखवतात. पण यातली कुठली अवस्था किती काळ टिकते? तळाला चिकटलेल्या पॉलिपातून पोहणारी जेलीफिश नेमकी बाहेर कशी पडते? एखाद्या वर्षी त्या अचानक हजारोंनी का दिसतात? ‘अमर जेलीफिश’ खरंच मरत नाही का? आणि हे सगळं घरच्या टाकीत बघता येईल का?

मी प्रयोगशाळेत जेलीफिशचे पॉलिप वाढवते, त्यामुळे माझं उत्तर त्यांच्या बाजूनं झुकलेलं वाटेल. पण ते तसं झुकायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. वर्तुळाच्या आकृतीमुळे सगळ्या अवस्था सारख्याच मोलाच्या वाटतात, आणि छत्रीसारखी पोहणारी मेड्युसा हाच खरा प्राणी, बाकी सगळी तिच्यापर्यंत पोचण्याची तयारी, असा समज होतो. बहुतेक परिचित जेलीफिशच्या बाबतीत वस्तुस्थिती उलटी आहे. मेड्युसा काही महिने जगते, प्रजनन करते आणि संपते. पॉलिप मात्र वर्षानुवर्षं टिकतो, स्वतःच्या प्रती काढत राहतो आणि योग्य ऋतू आला की पुन्हा पुन्हा मेड्युसा सोडतो. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या दोन-तीन मिलिमीटरच्या जिवापाशी येऊन मिळतात.

उदाहरण म्हणून चंद्र जेलीफिश, म्हणजे ऑरेलिया, घेते. तिच्यावर सर्वांत जास्त काम झालं आहे आणि ती वाढवायलाही सोपी आहे. ऑरेलियात नर आणि मादी वेगळे असतात. पारदर्शक छत्रीच्या मधोमध घोड्याच्या नालेच्या आकाराची जी चार वळणं दिसतात, ती तिची जननांगं. नर शुक्राणूंचे धागे पाण्यात सोडतो, मादी ते अन्नाबरोबर आत ओढून घेते आणि फलन तिच्या शरीरातच होतं. त्यानंतर भ्रूण मादीच्या मुखभुजांवरच्या, म्हणजे तोंडाभोवती लोंबणाऱ्या भुजांवरच्या, छोट्या कप्प्यांत येऊन राहतात. अशा मादीकडे खालून पाहिलं, तर एरवी काचेसारख्या दिसणाऱ्या मुखभुजांवर फिकट तपकिरी किंवा पांढुरके पुंजके दिसतात. त्यातला चिमूटभर भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की शेकडो लांबुळके दाणे स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे सरकताना दिसतात. हेच प्लॅन्युला डिंभ.

प्लॅन्युलाची लांबी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते. त्याला तोंड नसतं, आतडं नसतं, खाणं नसतं. अंगभर पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, असतात आणि त्यांच्या हालचालीवर तो पोहतो. अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर त्याला काही दिवस काढायचे असतात आणि तेवढ्यात बसायला जागा शोधायची असते. जागेच्या बाबतीत तो चांगलाच चोखंदळ आहे. त्याला टणक पृष्ठभाग लागतो, त्यावर जिवाणूंचा पातळ थर असला तर अधिक बरं, आणि शक्यतो तो पृष्ठभागाची खालची बाजू पसंत करतो. शिंपल्याच्या आतला भाग, दगडाची कपार, तरंगत्या धक्क्याचं पोट अशा ठिकाणी तो बसतो. याचं कारण सरळ आहे: वरच्या बाजूला गाळ साचतो, शेवाळ वाढतं, आणि मिलिमीटरभर उंचीचा जीव त्यात गाडला जातो.

जागा पसंत पडली की प्लॅन्युला पोहताना जे टोक पुढे ठेवतो त्याच टोकानं चिकटतो. मागचं टोक मोकळं राहतं आणि तिथं तोंड उघडतं. तोंडाभोवती आधी चार शुंडकं फुटतात, मग आठ, मग साधारण सोळा. झाला पॉलिप. दिसायला तो हायड्राचाच भाऊबंद आहे: खाली देठ, वर पसरट तोंड, भोवती बारीक शुंडकांची झालर. शुंडकांवर दंशपेशी असतात, आणि त्या खेळण्यातल्या नाहीत. हायड्रावर झालेल्या मोजमापात दंशपेशीतला काटा बाहेर फेकला जायला सुमारे ७०० नॅनोसेकंद लागतात, असं दिसलं आहे. प्राणिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक.

पॉलिपाला खाताना बघणं मला आजही फार आवडतं. आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक प्राण्याचं नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू झटके देत पोहत येतं, एका शुंडकाला निसटता स्पर्श होतो आणि ते जागच्या जागी थांबतं. मग तेवढंच एक शुंडक आखडतं, तोंडाकडे वळतं, तोंडाची कड त्या दिशेनं लांब होते आणि शिकार आत सरकते. बाकीची शुंडकं तशीच पसरलेली असतात, पुढच्या घासासाठी तयार. थोड्या वेळानं देठाच्या आत नारिंगी ठिपका दिसू लागतो. पॉलिपाला मेंदू नाही, मोजकं चेतापेशींचं जाळं आहे, आणि तरी ही हालचाल इतकी नेमकी असते की नव्या विद्यार्थ्याला बशीपासून उठवावं लागतं.

पोटभर खाणारा पॉलिप वाढतो ते आकारानं नाही, संख्येनं. अंगाला बाजूनं कळी फुटते, तिला स्वतःचं तोंड आणि शुंडकं येतात आणि ती वेगळी होऊन शेजारी बसते. हायड्रात जे मुकुलायन आपण शाळेत शिकतो तेच हे. काही वेळा बुडापासून एक बारीक धावता फाटा निघतो आणि त्याच्या टोकाशी नवा पॉलिप उभा राहतो. अशा रीतीनं एका प्लॅन्युलापासून काही महिन्यांत दगडाची अख्खी खालची बाजू भरून जाऊ शकते, आणि ते सगळे पॉलिप जनुकीयदृष्ट्या एकच असतात. उपासमार झाली तर पॉलिप मरण्याआधी आक्रसतो, शुंडकं आखूड करतो आणि वाट बघतो. त्याच्याकडे आणखी एक उपाय आहे. तो आपल्या बुडाखाली कायटिन या टणक पदार्थाच्या कवचातली एक चकती तयार करतो आणि थोडा बाजूला सरकतो. तिला पोडोसिस्ट म्हणतात. आत सुप्त पेशी आणि साठवलेलं अन्न असतं. वरचा पॉलिप एखाद्या समुद्री गोगलगायीनं खाल्ला, पाण्यातला प्राणवायू कमी झाला, तरी पोडोसिस्ट महिनोन्‌महिने तग धरतो आणि परिस्थिती सुधारली की त्यातून नवा पॉलिप डोकं वर काढतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न: यातून जेलीफिश कशी निघते?

पॉलिप स्वतः वाढून जेलीफिश होत नाही. निदान ऑरेलियात तरी नाही. तो आडवा कापला जातो. आधी शुंडकं आखडू लागतात आणि पॉलिपाचा रंग पांढुरका होता तो गुलाबी-नारिंगीकडे झुकतो. मग तोंडाच्या जरा खाली देठाभोवती एक खाच पडते, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. खाचा खोल होत जातात आणि काही दिवसांत सबंध पॉलिप एकावर एक रचलेल्या बशांच्या चळतीसारखा दिसू लागतो. या अवस्थेला स्ट्रोबिला म्हणतात. प्रत्येक बशीच्या कडेला आठ पाकळ्या फुटतात. सगळ्यात वरची बशी सर्वांत आधी पक्व होते.

सुटण्याचा क्षण बघायला धीर लागतो, पण तो चुकवू नये असा आहे. वरची बशी चळतीला चिकटलेली असतानाच धडधडायला लागते. सुरुवातीला एखादाच झटका, मग बराच वेळ शांतता, मग दोन-तीन झटके सलग. खालच्या बशाही अधूनमधून थरथरतात, पण प्रत्येकीची लय वेगळी. मधला जोडणारा धागा बारीक होत जातो, वरची बशी एका बाजूला कलते, ओढ घेते आणि एका झटक्यात तुटून पोहायला लागते. तिला इफायरा म्हणतात. ती तीन-चार मिलिमीटरची असते. एका पॉलिपातून अशा दहा-पंधरासुद्धा निघतात. आणि मग, जे आकृतीत कधी दाखवत नाहीत, ते घडतं: चळतीच्या तळाशी उरलेला बुंधा पुन्हा शुंडकं फोडतो, तोंड उघडतो आणि पॉलिप म्हणून जगू लागतो. पुढच्या वर्षी तो हेच परत करू शकतो. म्हणून मी वर्तुळाच्या आकृतीवर नाराज आहे. पॉलिपापाशी बाण पुढे तर जातोच, पण एक बाण त्याच्याकडेच वळतो, आणि तो दुसरा बाण जास्त जाड काढायला हवा.

या अवस्था एकमेकींपासून इतक्या वेगळ्या दिसतात की अभ्यासकांनीही त्या वेगळे प्राणी म्हणून नोंदवल्या होत्या. इफायरा १९व्या शतकाच्या सुरुवातीला स्वतंत्र प्राणी समजली गेली. नॉर्वेतले मिकाएल सार्स हे धर्मोपदेशक आणि प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी १८२९ मध्ये पॉलिप आणि स्ट्रोबिला यांना दोन वेगळी नावं देऊन वर्णन केलं. पुढे त्यांनीच चिकाटीनं निरीक्षण करून दाखवलं की एकातून दुसरा होतो, आणि १८४१ पर्यंत पॉलिपापासून ऑरेलियापर्यंतची साखळी जुळवली. त्यानंतर लगेच, १८४२ मध्ये, डेन्मार्कच्या यापेटस स्टीनस्ट्रुप यांनी असे अनेक प्राणी एकत्र मांडून ‘पिढ्यांची आलटापालट’ ही कल्पना पुढे आणली. सूक्ष्मदर्शक आणि समुद्राच्या पाण्याची भांडी एवढ्याच साधनांवर हे काम झालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पॉलिपाला कळतं कसं की आता चकत्या सोडायच्या? थंड हवामानातल्या ऑरेलियात हिवाळ्याची थंडी हा मुख्य इशारा असतो. पण एका थंड रात्रीनं काही होत नाही. गारवा काही आठवडे टिकावा लागतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यामागची यंत्रणा बरीच उलगडली. थंडीत पॉलिपाच्या अंगात सीएल३९० नावाच्या जनुकाचं काम हळूहळू वाढत जातं. त्यातून बनणारं प्रथिन साचत साचत ठरावीक पातळीला पोचलं की रूपांतर सुरू होतं. म्हणजे पॉलिप तापमान नुसतं बघत नाही, थंडीचे दिवस मोजतो. मध्येच आलेल्या उबदार आठवड्यानं किंवा एखाद्या थंड लाटेनं त्याची फसगत होऊ नये, यासाठी ही सोय उत्तम आहे. याच संशोधनात अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाशी संबंधित संदेशवहनाचाही सहभाग दिसला. त्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकात, डोरोथी स्पँगेनबर्ग यांनी दाखवलं होतं की पाण्यात आयोडीन दिलं की ऑरेलियाचे पॉलिप स्ट्रोबिला बनू लागतात. बेडकाच्या डिंभाचा बेडूक होतानाही आयोडीनयुक्त थायरॉइड संप्रेरक लागतं. इतक्या दूरच्या दोन प्राण्यांच्या रूपांतरात एकच मूलद्रव्य हजर असावं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विचार करायला लावणारं सूत्र वाटतं.

इफायरा ही मेड्युसाची लहान आवृत्ती नाही. तिला अखंड छत्री नसते. मधे छोटी चकती आणि भोवती आठ दुभंगलेल्या भुजा, मधल्या फटी मोकळ्या. फटी असून ती पोहते कशी, हा प्रश्न रास्त आहे. एवढ्या लहान आकाराला पाणी घट्ट, चिकट वाटतं. भुजेच्या कडेला पाण्याचा थर चिकटून राहतो आणि शेजारच्या दोन भुजांचे थर एकमेकांना भिडतात, त्यामुळे फट असूनही नसल्यासारखी होते. जेवढी छत्री बनवायला ऊती लागली असती, तेवढी वाचते. इफायरा वाढली की हे गणित बदलतं, पाणी फटींतून निसटायला लागतं, आणि नेमकं त्याच सुमारास फटी ऊतीनं भरत जाऊन गोल छत्री तयार होते.

प्रत्येक भुजेच्या टोकाशी, दुभंगाच्या खाचेत, एक संवेदी इंद्रिय असतं. त्यात कॅल्शियम सल्फेटचे बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्या भारावरून इफायराला वर-खाली कळतं. हे स्फटिक वजनाशिवाय नीट घडतात का, हे बघायला जून १९९१ मध्ये ‘कोलंबिया’ अवकाशयानातून ऑरेलियाचे दोन हजारांहून अधिक पॉलिप आणि इफायरा पाठवले होते. पॉलिपांनी अवकाशातही इफायरा सोडल्या. मात्र तिथं घडलेल्या इफायरांमध्ये पृथ्वीवर परतल्यावर धडधडण्याचे दोष जास्त दिसले.

भुजा तुटली तर काय होतं, हेही सांगायला हवं, कारण टाकीत भुजा तुटतात. बहुतेकांना वाटतं नवी भुजा फुटत असेल. ऑरेलियाची इफायरा तसं करत नाही. उरलेल्या भुजा सरकून एकमेकींपासून सारख्या अंतरावर येतात, आणि हे काम स्नायूंच्या धडधडीनंच होतं. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं तर ते थांबतं. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पाच भुजांची का असेना, पण सर्व बाजूंनी समान असलेली इफायरा सरळ पोहू शकते आणि पुढे मेड्युसा होते. हरवलेला अवयव परत मिळवण्यापेक्षा तोल परत मिळवणं तिला महत्त्वाचं असतं.

इफायरापासून पूर्ण मेड्युसा व्हायला, अन्न आणि ऊब भरपूर असेल तर, एक ते तीन महिने लागतात. पुढचं आयुष्य साधारण महिन्यांत मोजायचं; वर्षभर टिकणाऱ्या थोड्या. उपासमारीत मेड्युसाही आकसते, म्हणून छत्रीच्या व्यासावरून वय ओळखता येत नाही. प्रजननानंतर बहुतेक खालावतात, कडा झिजतात, परजीवी चढतात आणि त्या मरतात. किनाऱ्यावर येऊन पडणारे ढीग बऱ्याचदा या टप्प्यावरचे असतात. लोक विचारतात, ‘सगळ्या जेलीफिश एकदम मेल्या, पाण्यात काही विष आहे का?’ बहुतेक वेळा तसं काही नसतं. त्यांचं काम झालेलं असतं, आणि पॉलिप खाली शाबूत असतात.

हे सगळं ऑरेलियाचं झालं. यावरून सगळ्या जेलीफिशना एकाच मापात बसवू नका. पेलाजिया नॉक्टिल्युका ही भर समुद्रात राहणारी जांभळट जात पॉलिप अवस्था गाळूनच टाकते. तिच्या प्लॅन्युलाचीच थेट इफायरा होते. खोल समुद्रावर तरंगणाऱ्या प्राण्याला बसायला तळ मिळणार कुठून? उथळ, उबदार पाण्यात उलटी पडून राहणारी कॅसिओपिया एका वेळी एकच इफायरा सोडते, आणि तीही बहुधा पॉलिपाच्या अंगात सहजीवी शैवाल शिरल्यावरच. ते शैवाल प्रकाशावर अन्न बनवून तिला देतं, म्हणून ती उलटी पडते. क्युबोझोआ, म्हणजे बॉक्स जेलीफिश, यांच्यात पॉलिप कापला जात नाही. तो बहुतांशी स्वतःच एका मेड्युसात बदलतो. ऑस्ट्रेलियातल्या अतिविषारी कायरोनेक्स फ्लेकेरीचे पॉलिप निसर्गात सापडायला फार काळ लागला, आणि सापडले ते उघड्या समुद्रात नाही, तर नदीमुखांच्या भागात दगडांखाली. हायड्रोझोआ गटात मेड्युसा पॉलिपाच्या वसाहतीवर बाजूच्या कळ्यांतून निघतात. त्याच गटातल्या हायड्राला मेड्युसा नाहीच. आणि पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, जिला सगळे जेलीफिश म्हणतात, ती अनेक जीवघटकांची मिळून बनलेली वसाहत आहे. तिचं जीवनचक्र वेगळंच आहे, इथं त्यात शिरत नाही.

गोड्या पाण्यातल्या क्रॅस्पेडाक्युस्टाचं उदाहरण मात्र द्यायलाच हवं. १८८० मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या वनस्पती उद्यानात, महाकाय कमळांच्या उबदार हौदात, नाण्याएवढ्या जेलीफिश अचानक दिसल्या. आल्या कुठून, कुणालाच कळेना. तिचा पॉलिप जेमतेम मिलिमीटरभर, शुंडकं नसलेला असतो आणि पाणवनस्पतींबरोबर सहज प्रवास करतो. अमेरिकेत तर हाच पॉलिप वेगळा प्राणी म्हणून वेगळ्या नावानं वर्णिला गेला होता. आजही एखाद्या तळ्यात कडक उन्हाळ्यात या जेलीफिश प्रकटतात आणि पुढची कित्येक वर्षं दिसत नाहीत. त्या वर्षांत प्राणी तळ्यातून गेलेला नसतो.

यातूनच ‘अचानक हजारोंनी का?’ याचं उत्तर निघतं. पॉलिपांचा साठा तळाशी असतो. पाणी, तापमान आणि अन्न जुळून आलं की सगळे एकाच वेळी इफायरा सोडतात. हजारो पॉलिप गुणिले प्रत्येकी दहा. मग त्या इफायरांपैकी किती जगतात यावर पुढचं चित्र ठरतं. नेमोपिलेमा नोमुराई ही पूर्व आशियाच्या समुद्रातली अजस्र जात, व्यास दोन मीटरपर्यंत आणि वजन २०० किलोपर्यंत. २००९ मध्ये जपानजवळ तिच्यानं भरलेलं जाळं ओढताना १० टनी मासेमारी बोट उलटली. बोटीवरचे तिन्ही खलाशी वाचले. एवढा मोठा प्राणीसुद्धा मिलिमीटरच्या पॉलिपातूनच सुरू होतो, आणि तोही पोडोसिस्ट मागे ठेवत जातो.

माणूस यात दोन रीतींनी भर घालतो, असं मानायला चांगला आधार आहे. धक्के, तरंगते तराफे, बंधारे, मत्स्यपालनाची बांधकामं यांनी आपण प्लॅन्युलांना हव्या तशा टणक, सावलीतल्या खालच्या बाजू पुरवतो. आणि किनाऱ्याजवळच्या पाण्यातला प्राणवायू घटला की मासे हटतात, पण अनेक जातींचे पॉलिप टिकतात. तरीही ‘सगळ्या महासागरांत जेलीफिश सतत वाढत आहेत’ हे विधान मी करणार नाही. २०१३ मध्ये जगभरच्या जुन्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सुमारे २० वर्षांच्या अंतरानं होणारे चढ-उतार ठळक दिसले. चढाच्या काळात मोजणी सुरू केली तर वाढ दिसणारच. माझं मत असं की मेड्युसा मोजून अंदाज बांधणं हे मुळातच अर्धं काम आहे. पॉलिप मोजायला हवेत, आणि ते अवघड आहे, कारण असंख्य जातींचे पॉलिप निसर्गात अजून कुणी पाहिलेलेच नाहीत.

आता ‘अमर’ जेलीफिश. टुरिटॉप्सिस डोर्नी ही हायड्रोझोआतली, छत्री पाच मिलिमीटरहूनही लहान. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या किनाऱ्यावरून गोळा केलेल्या नमुन्यांत ख्रिस्टियान सॉमर या विद्यार्थ्याला दिसलं की मेड्युसा मरण्याऐवजी उलट्या दिशेनं जात आहेत. १९९६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी हे सविस्तर मांडलं. इजा, उपासमार किंवा वय झालं की छत्री आकसते, शुंडकं अंगात विरतात, एक गोळा होऊन तळाशी बसतो आणि त्यातून पॉलिपाची नवी वसाहत फुटते. यात एका कामासाठी घडलेल्या पेशी दुसऱ्या कामाच्या पेशींत बदलतात, आणि शास्त्राच्या दृष्टीनं खरी मोठी गोष्ट ती आहे. जपानमध्ये शिन कुबोता यांनी एकाच वसाहतीत ही उलटी फेरी दोन वर्षांत दहा वेळा घडताना नोंदवली. पण ‘मरत नाही’ हे चूक आहे. मासे तिला खातात, रोग होतो, वाळूत गाडली जाते. वय हेच मरणाचं कारण ठरत नाही, एवढंच म्हणता येतं. आणि ही क्षमता फक्त तिच्यापुरती नाही: २०१५ मध्ये ऑरेलियाच्याही एका जातीत, ढासळत चाललेल्या मेड्युसाच्या ऊतीतून पॉलिप निघाल्याचं प्रसिद्ध झालं. पॉलिप ही या प्राण्यांची हुकमी, परतून जाण्याची अवस्था आहे, असंच मी याकडे बघते.

घरी बघायचं असेल तर मेड्युसापासून सुरुवात करू नका. तिला कोपरे नसलेली, गोल फिरत्या प्रवाहाची टाकी लागते आणि हवेचा बुडबुडा छत्रीखाली अडकला तर तो ऊती फाडून वर येतो. ऑरेलियाचे पॉलिप मात्र काचेच्या बशीत राहतात. माहितीच्या ठिकाणाहून, टाकीत वाढवलेले पॉलिप घ्या. समुद्राच्या पाण्याइतकी क्षारता, थेट ऊन नाही, आठवड्यातून दोनदा आर्टेमियाची ताजी पिल्लं, आणि खाऊन झाल्यावर काही तासांत पाणी बदलणं, एवढं सांभाळलं तर ते वर्षानुवर्षं जगतात. पाणी बदलायचा कंटाळा केलात तर उरलेलं अन्न कुजतं आणि आठवड्याभरात बशी रिकामी होते. थंड प्रदेशातल्या वाणाचे पॉलिप असतील तर त्यांना हळूहळू १० अंश सेल्सिअसच्या आसपास न्या आणि काही आठवडे तिथंच राहू द्या; रोज एक-दोन अंशांहून जास्त बदल नको. उबदार पाण्यातल्या वाणाला ही थंडी मानवत नाही, म्हणून घेतानाच वाण कुठला ते विचारून ठेवा. वाढलेले पॉलिप किंवा बशीतलं पाणी कधीही नदी-समुद्रात ओतू नका. एक पोडोसिस्ट पुरेसा असतो.

इफायरा सुटल्यावर पहिले काही दिवस नाजूक असतात. त्यांना गोल तळाच्या भांड्यात, अगदी मंद प्रवाहात ठेवा. आर्टेमियाची पिल्लं कधी कधी त्यांच्या मानानं मोठी पडतात, तेव्हा ती किंचित चिरडून द्या. तासाभरानं भिंगातून प्रत्येकीचं पोट बघा: मधोमध नारिंगी ठिपका असेल तर तिनं खाल्लं आहे. ज्यांच्या पोटात ठिपका नाही त्या वेगळ्या काढून दुसऱ्या भांड्यात पुन्हा भरवा, कारण गर्दीत त्यांना दुसऱ्यांदाही घास मिळत नाही.